फ्रेडी फेंडर: रॉक, कंट्री आणि रांचेरा एकाच गळ्यातून गाणारा टेक्सासचा गायक-गीतकार

ह्यूस्टनकर

अमेरिकन कंट्री संगीतावर आपल्याकडे अधूनमधून चर्चा होते. त्या चर्चेत जॉनी कॅश, विली नेल्सन, डॉली पार्टन ही नावे हमखास येतात. ज्या गायकाने १९७५ साली अमेरिकेच्या सर्वसाधारण लोकप्रिय गीतांच्या यादीत आणि कंट्री गीतांच्या यादीतही पहिला क्रमांक मिळवला, आणि तोही अर्धे इंग्रजी, अर्धे स्पॅनिश असलेले गाणे गाऊन, त्या फ्रेडी फेंडरचे नाव मात्र मी कुठे वाचलेले नाही. म्हणून हा धागा. फेंडरच्या संगीतातील मिश्रण कुणी स्टुडिओत बसून आखलेले नव्हते, ते त्याच्या मुलखातून आणि त्याने केलेल्या कष्टांतून आलेले होते, असे माझे मत आहे आणि ते सविस्तर मांडायची इच्छा आहे.

त्याचे खरे नाव बाल्देमार वेर्ता. जन्म ४ जून १९३७, गाव सॅन बेनिटो. हे गाव टेक्सासच्या अगदी दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात आहे. नदीपलीकडे मेक्सिको. १८४८ च्या तहानंतर ही नदी दोन देशांमधली सीमा ठरली, पण दोन्ही काठांवरची माणसे, नातीगोती, लग्नकार्ये आणि गाणी पूर्वीसारखीच राहिली. खोऱ्यातील मेक्सिकन वंशाची बहुतेक कुटुंबे शेतमजुरी करत. वेर्ता कुटुंबही त्यांतलेच. हंगाम येईल तसे ते उत्तरेकडे जात: मिशिगनमध्ये बीट काढायला, ओहायोत काकड्यांना, इंडियानात टोमॅटो तोडायला, आर्कान्सामध्ये कापूस वेचायला. बाल्देमार लहान असतानाच वडील क्षयाने गेले आणि घराचा भार आईवर आला. या भटकंतीत त्याच्या कानावर काय काय पडले असेल, याचा विचार केला की पुढचे सारे समजू लागते. घरात आणि वस्तीत रांचेरा (मेक्सिकोची भावुक ग्रामीण गाणी), बोलेरो (संथ प्रेमगीते) आणि अकॉर्डियनवरचे पोल्का, रेडिओवर कंट्री, आणि कापसाच्या शेतात कृष्णवर्णीय मजुरांचे ब्लूज. दहाव्या वर्षी हार्लिंजन गावच्या रेडिओ केंद्रावर त्याने एक मेक्सिकन गाणे म्हटले आणि बक्षीस म्हणून किराणा सामानाने भरलेला टब घरी नेला.

सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो मरीन दलात भरती झाला. परत आल्यावर, १९५७ मध्ये, मॅकॅलन येथील फाल्कन या कंपनीसाठी त्याने 'एल बिबॉप किड' या नावाने एल्व्हिस प्रेस्लीचे 'डोन्ट बी क्रूअल' स्पॅनिशमध्ये गायले. ते मेक्सिकोत आणि दक्षिण अमेरिकेत गाजले. रॉक अँड रोल तेव्हा अमेरिकेतच पुरता स्थिरावलेला नव्हता, तो एका वीस वर्षांच्या शेतमजुराच्या मुलाने स्पॅनिश श्रोत्यांपर्यंत पोहोचवला. पुढच्या वर्षी त्याने नाव बदलले. 'फेंडर' हे आडनाव त्याने गिटार आणि अॅम्प्लिफायर बनवणाऱ्या कंपनीवरून घेतले आणि त्याला जुळेल असे 'फ्रेडी' पुढे लावले. गोऱ्या श्रोत्यांमध्ये खपायचे असेल तर बाल्देमार वेर्ता हे नाव चालणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होते. या नावबदलाकडे मी दोष म्हणून पाहत नाही. त्या काळात त्या दारातून आत जायचे तर ती किंमत मोजावी लागत होती.

१९५९ च्या सुमारास त्याने 'वेस्टेड डेज अँड वेस्टेड नाइट्स' हे गाणे केले. गीत त्याचे आणि त्याचा सहकारी वेन डंकन याचे. इम्पीरियल या मोठ्या कंपनीने ते उचलले, गाणे वर चढू लागले, आणि मे १९६० मध्ये लुइझियानातील बॅटन रूज येथे गांजा बाळगल्याबद्दल फेंडरला अटक झाली. पाच वर्षांची शिक्षा झाली आणि अँगोला तुरुंगात त्याने त्यांतली सुमारे तीन वर्षे काढली. अँगोला म्हणजे एका जुन्या मळ्याच्या जमिनीवर उभा राहिलेला प्रचंड तुरुंग, जिथे कैद्यांकडून शेतीच करून घेतली जाई. शेतातून सुटण्यासाठी गाऊ लागलेला माणूस पुन्हा शेतातच गेला. एवढ्याशा गुन्ह्यासाठी एवढी शिक्षा झाली आणि बहराला आलेली कारकीर्द कापली गेली, याचे मला आजही फार वाईट वाटते.

सुटकेनंतर काही वर्षे तो न्यू ऑर्लिन्सच्या बर्बन स्ट्रीटवर गात होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो टेक्सासला परतला. कॉर्पस क्रिस्टीत गाड्या दुरुस्त करणे, कॉलेजचे वर्ग आणि शनिवार-रविवारी गाणे, असा त्याचा क्रम होता. मग १९७४ मध्ये ह्यूस्टनचा निर्माता ह्यूई मो याने त्याच्याकडून 'बिफोर द नेक्स्ट टिअरड्रॉप फॉल्स' गाऊन घेतले. हे गाणे व्हिव्हियन कीथ आणि बेन पीटर्स यांचे, १९६० च्या दशकातले. ते अनेकांनी गायले होते आणि कुणाच्याही तोंडी फारसे चालले नव्हते. फेंडरने पहिले कडवे इंग्रजीत गायले आणि त्याच चालीवर तेच म्हणणे दुसऱ्यांदा स्पॅनिशमध्ये गायले. मार्च १९७५ मध्ये ते कंट्री यादीत पहिले आले आणि ३१ मे च्या आठवड्यात बिलबोर्ड या संगीत साप्ताहिकाच्या मुख्य यादीतही पहिले आले. त्या वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनने त्याला वर्षातील सर्वोत्तम एकल गीताचा पुरस्कार दिला.

गाणे शांतपणे ऐका. इंग्रजी कडव्यात आवाज संयत आहे, शब्द जवळजवळ बोलल्यासारखे येतात. स्पॅनिश कडवे सुरू होताच तोच गळा उघडतो, स्वर अधिक लांबतात, त्यांच्या शेवटी रांचेरा गायकांचा तो थरथरणारा, हुंदक्याच्या काठावरचा कंप येतो. चाल तीच, वाद्ये तीच, पण गाण्याची परंपरा बदलते. नंतर तो पुन्हा इंग्रजीत येतो, आणि त्या शेवटच्या इंग्रजी ओळींत मघाचा रांचेराचा ओलावा उरलेला असतो. ज्या श्रोत्याला स्पॅनिशचा एक शब्दही कळत नव्हता, त्यालाही हे कळले. नाहीतर ते गाणे पहिले आले नसते.

अक्षरवेल

लेख अतिशय आवडला. मी या संगीताची नवखी श्रोती आहे, त्यामुळे एक प्राथमिक शंका विचारते. मेक्सिकन वस्तीत अकॉर्डियन आणि पोल्का कसे आले? हे वाद्य आमच्या पिढीला जुन्या हिंदी चित्रपटगीतांतून माहीत आहे आणि पोल्का मध्य युरोपातला. टेक्सासच्या सीमेवर ते नेमके कुणी नेले, आणि फेंडरच्या गाण्यात ते कितपत ऐकू येते?

सॅनअँटोनियोवासी

अक्षरवेल, तुमच्या शंकेचे उत्तर देण्याचा मोह आवरत नाही, कारण मी ज्या शहरात राहतो तिथे हे संगीत आजही लग्नात, चर्चच्या जत्रेत आणि घराच्या मागच्या अंगणात वाजते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जर्मन आणि चेक स्थलांतरित मोठ्या संख्येने मध्य आणि दक्षिण टेक्सासमध्ये शेती करायला आले. त्यांच्याबरोबर पोल्का, वॉल्ट्झ आणि शॉटिश हे नाच आले आणि त्यांना साथ करणारे बटणांचे अकॉर्डियनही आले. वाद्य स्वस्त होते, दणकट होते, आणि एकट्या माणसाला अख्ख्या नाचाला पुरेल एवढा आवाज काढता येत असे. मेक्सिकन वंशाच्या वादकांनी ते उचलले आणि बाहो सेक्स्तो या बारा तारांच्या, तारांच्या सहा जोड्या असलेल्या, खर्जाच्या गिटारशी जुळवले. या जोडीतून जे संगीत घडले त्याला कॉन्हुंतो म्हणतात. आपल्याकडे युरोपातून आलेली पेटी जशी नाट्यसंगीतात आणि कीर्तनात रुजून आपलीच झाली, तसेच तिथे अकॉर्डियनचे झाले.

यात एक तांत्रिक बाब फार महत्त्वाची आहे. नार्सिसो मार्तिनेस यांना कॉन्हुंतो संगीताचे जनक मानतात. १९३६ मध्ये त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्यांत बाहो सेक्स्तोवर सान्तियागो अल्मेदा होते. त्याआधीचे वादक अकॉर्डियनच्या दोन्ही बाजू वापरत, म्हणजे उजव्या हाताने सुरावट आणि डाव्या हाताने खर्ज व ताल. मार्तिनेस यांनी डाव्या हाताचे काम जवळपास सोडून दिले आणि ते अल्मेदांवर सोपवले. त्यामुळे उजवा हात मोकळा झाला, सुरावट चपळ आणि ठसठशीत झाली, आणि जर्मन पोल्कापासून हे संगीत कानाला वेगळे वाटू लागले. पुढे १९५० च्या दशकापर्यंत ड्रम आणि बास यांची भर पडून चौघांचा संच पक्का झाला. मार्तिनेस सॅन बेनिटोच्या परिसरातच राहत, आणि त्या गावातील सांस्कृतिक केंद्राला आज त्यांचे नाव आहे. म्हणजे बाल्देमार वेर्ता ज्या गावात वाढला ते गाव या संगीताच्या अगदी उगमाजवळचे होते.

आता दुसरा भाग. फेंडरच्या १९७० च्या दशकातील गाजलेल्या गाण्यांत कॉन्हुंतो थेट शोधू गेलात तर निराशा होईल. ती गाणी वाद्यमेळाच्या अंगाने कंट्री आणि लुइझियानाचे स्वॉम्प पॉप यांच्याकडे झुकतात. मेक्सिकन परंपरा त्यांत आहे ती गळ्यात: स्वर लावण्याची पद्धत, ओळीच्या शेवटी येणारा कंप, दुःख न लपवता मोकळेपणाने गाण्याची रांचेराची आणि बोलेरोची रीत. अकॉर्डियन आणि बाहो सेक्स्तो त्याच्या शेजारी ठळकपणे येऊन बसले ते नंतर, टेक्सास टॉर्नेडोज या संचात.

इथे दरवर्षी तेहानो (म्हणजे टेक्सासमधील मेक्सिकन वंशाच्या लोकांचा) कॉन्हुंतो महोत्सव भरतो, १९८२ पासून. ग्वादालुपे सांस्कृतिक कला केंद्र तो भरवते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ज्या गोष्टीने थक्क झालो ती वादकांची नसून नाचणाऱ्यांची होती. सत्तरीपुढची जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने, पाय जमिनीलगत सरकवत, कुठलीही घाई न करता मैदानाला फेरी घालत होती, आणि त्यांच्या मागे त्यांची नातवंडे तेच शिकत होती. हे संगीत मुळात नाचायचे संगीत आहे, हे तबकडी ऐकून पुरते ध्यानात येत नाही.

मंद्रसप्तक

धागा वाचनीय आहे, परंतु मूळ मांडणीतल्या दोन गोष्टींशी मी सहमत नाही.

पहिली गोष्ट अशी की फेंडर यांना गायक-गीतकार म्हणताना जरा जपून म्हणायला हवे. ज्या गाण्याने ते देशभर पोहोचले ते त्यांचे नाही. त्यानंतर कंट्री यादीत पहिल्या आलेल्या त्यांच्या गाण्यांपैकी 'सीक्रेट लव्ह' हे जुने चित्रपटगीत आहे आणि १९७६ चे 'यू'ल लूज अ गुड थिंग' हे बार्बरा लिन यांचे आहे. राहता राहिले 'वेस्टेड डेज'. दुसरी गोष्ट, दुसरे कडवे स्पॅनिशमध्ये गाण्याची कल्पना निर्माता ह्यूई मो यांची होती, असेच सर्वत्र सांगितले जाते. मो हे बाजाराची नाडी ओळखणारे गृहस्थ होते. १९६० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी सॅन अँटोनियोच्या डग साम यांच्या संचाला 'सर डग्लस क्विंटेट' असे इंग्लंडचे वाटणारे नाव दिले, कारण तेव्हा ब्रिटिश संचांची चलती होती. मग फेंडर यांचे द्वैभाषिक गाणे हेही अशाच एका चतुर निर्मात्याने केलेले गणित नव्हते कशावरून? मिश्रण मातीतून आले, आखलेले नव्हते, हे विधान मला यामुळे थोडे भाबडे वाटते.

ह्यूस्टनकर

मंद्रसप्तक, आक्षेप नेमके आहेत, आणि त्यांचे उत्तर दिल्याशिवाय धागा पुढे नेणे बरोबर होणार नाही.

गीतकार म्हणून फेंडर विपुल नव्हता हे मान्य आहे. पण 'वेस्टेड डेज'चे वजन केवळ एक गाणे म्हणून करू नये. ते त्याने विशीच्या सुरुवातीला लिहिले. स्वॉम्प पॉपचा साचा त्यात अगदी अचूक उतरला आहे. प्रत्येक मात्रेचे तीन समान भाग करणारा, आपल्या तिस्र जातीच्या जवळ जाणारा संथ ताल, त्यावर पियानोचे सलग ठोके आणि वर रडवेला, उंच आवाज. लुइझियाना आणि आग्नेय टेक्सास यांच्या सीमेवर फ्रेंचभाषक गोऱ्या व कृष्णवर्णीय तरुणांनी हा प्रकार घडवला होता. खोऱ्यातल्या एका मेक्सिकन वंशाच्या मुलाने त्यात बोलेरोची आर्तता आणली आणि तरीही ते गाणे कुठे जोडलेले वाटत नाही. मला तर असे वाटते की बोलेरो आणि स्वॉम्प पॉप हे दोन्ही प्रकार मुळात संथ लयीत प्रेमभंग गाणारे असल्यामुळे त्यांचे इतके जुळले. १९७५ मध्ये त्याने ते पुन्हा ध्वनिमुद्रित केले आणि ते कंट्री यादीत पहिले, मुख्य यादीत आठवे आले. दरम्यान पंधरा वर्षे गेली होती. त्या वर्षांत हे गाणे विसरले गेले नाही याचे बरेचसे श्रेय डग साम यांना जाते. त्यांनी १९७१ मध्ये आपल्या संचाच्या तबकडीत ते घेतले.

आता निर्मात्याविषयी. कल्पना मो यांची असेल, तर ती त्यांना सुचली कशावरून? त्यांच्यासमोर उभा असलेला माणूस १९५७ पासून दोन्ही भाषांत गात होता. इंग्रजी रॉक स्पॅनिशमध्ये गाणे हा त्याचा पहिला व्यवसायच होता. सर डग्लस क्विंटेटला दिलेले ब्रिटिश नाव हा मुखवटा होता, कारण त्या मुलांचा इंग्लंडशी काहीही संबंध नव्हता. फेंडरला स्पॅनिशमध्ये गायला सांगणे म्हणजे मुखवटा उतरवणे होते. निर्मात्याने संधी ओळखली, एवढे श्रेय मी त्यांना आनंदाने देतो. पण ते कडवे दुसऱ्या कुणाकडून गाऊन घेता आले असते का? त्या गाण्याची आधीची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत, ती ऐकून पाहा. गाणे बरे आहे, चालही सोपी आहे, आणि तरी त्यांतले एकही मनात राहत नाही.

मला हेही नोंदवायचे आहे की फेंडरने हे गाणे उद्दिष्ट ठेवून केले नव्हते. तो स्वतःला तेव्हा मुख्यतः रॉक आणि ब्लूज गायक समजत होता आणि कंट्रीचे हे काम त्याने चटकन उरकले होते. यशाचा अंदाज कुणालाच नव्हता. आखणीचा मुद्दा मला म्हणूनच पटत नाही. ज्या स्टुडिओत हे झाले तो शुगरहिल स्टुडिओ माझ्याच शहरातला आहे.

पंचमश्रुती

वरील चर्चेत एक भर घालू इच्छितो. कंट्री संगीतात स्पॅनिश आणण्याचा पहिला मान फेंडर यांना देता येणार नाही. त्यांच्या दोन वर्षे आधी, १९७३ मध्ये, जॉनी रॉड्रिगेझ यांनी कंट्री यादीत पहिले स्थान मिळवले होते. टेक्सासमधील सबिनाल या छोट्या गावचा हा तरुण गाण्यात मधेच स्पॅनिश ओळी घेत असे, आणि नॅशव्हिलने, म्हणजे कंट्री संगीताच्या व्यवसायाच्या केंद्राने, ते स्वीकारले होते. त्यामुळे १९७५ मध्ये कंट्री श्रोत्यांच्या कानाला ही भाषा अगदीच अनोळखी नव्हती. दुर्दैवाने रॉड्रिगेझ मे २०२५ मध्ये निवर्तले.

रॉकच्या बाजूने पाहिले तर रिची व्हॅलेन्स यांचे नाव घ्यावेच लागेल. लॉस एंजेलिसमधील पकोइमा भागातल्या या मुलाने १९५८ मध्ये मेक्सिकोतील व्हेराक्रूझच्या सोन हारोचो परंपरेतले 'ला बाम्बा' हे लोकगीत रॉकच्या तालावर आणले आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये विमान अपघातात, अवघ्या सतराव्या वर्षी, तो गेला. व्हॅलेन्स लोकगीताला रॉकमध्ये आणत होता, तर फेंडर त्याच्या वर्षभर आधी रॉकला स्पॅनिशमध्ये नेत होता. दिशा उलट्या आहेत, आणि माझ्या मते फेंडरचे काम कमी चर्चिले गेले कारण ते मेक्सिकोत ऐकले गेले, अमेरिकेच्या मुख्य बाजारपेठेत नाही.

लिंडा रॉनस्टॅट यांच्याशीही तुलना उद्बोधक ठरेल. ॲरिझोनातील टूसॉनच्या या गायिकेच्या घरात मेक्सिकन गाणी होती. १९७६ मध्ये त्यांनी एका इंग्रजी तबकडीत वडिलांच्या साहाय्याने लिहिलेले एक स्पॅनिश गाणे घेतले, पण मरियाची, म्हणजे मेक्सिकोतील पारंपरिक वाद्यवृंदाच्या, परंपरेकडे त्या पूर्णपणे वळल्या त्या १९८७ मध्ये, 'कान्सिओनेस दे मी पाद्रे' या स्वतंत्र तबकडीत. ती तबकडी अप्रतिम आहे. मात्र तिथे दोन घरे वेगवेगळी आहेत आणि गायिका एका घरातून दुसऱ्या घरात जाते. फेंडर यांच्या गाण्यात एकाच खोलीत सगळे बसलेले असतात.

अक्षरवेल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री 'टिअरड्रॉप' आणि 'वेस्टेड डेज' दोन्ही सलग ऐकली. ह्यूस्टनकर यांनी लिहिलेला बदल, इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये जाताना गळा उघडतो तो, स्पष्ट ऐकू आला. 'वेस्टेड डेज'ची लय तर पहिल्या ओळीपासूनच पकडते. आता टॉर्नेडोजबद्दल कुणीतरी सविस्तर लिहावे अशी विनंती. तिथून सुरुवात केली तर चालेल का?

सॅनअँटोनियोवासी

चालेल, किंबहुना अनेकांनी तिथूनच सुरुवात केली आहे.

टेक्सास टॉर्नेडोज हा संच १९८९ मध्ये जमला. फेंडर, डग साम, त्यांचे जुने सहकारी ऑर्गनवादक ऑगी मायर्स आणि अकॉर्डियनवर फ्लाको हिमेनेस. चौघेही दक्षिण टेक्सासचे, चौघेही पन्नाशीच्या आसपासचे, आणि प्रत्येकाची स्वतंत्र कारकीर्द आधीच होऊन गेलेली. हिमेनेस हे कॉन्हुंतो घराण्यातले. वडील सान्तियागो हिमेनेस यांनी १९३० च्या दशकात ध्वनिमुद्रिका काढल्या होत्या आणि आजोबाही अकॉर्डियन वाजवत. साम लहानपणी स्टील गिटार वाजवणारा बालकलाकार म्हणून प्रसिद्ध होता. म्हणजे रॉक, कंट्री, ब्लूज आणि कॉन्हुंतो यांतली प्रत्येक परंपरा ज्याच्या हाडीमांसी मुरलेली आहे असा एक एक माणूस त्या संचात होता, आणि प्रत्येकाला इतर तिघांची भाषा समजत होती.

१९९० मध्ये त्यांची पहिली तबकडी निघाली, आणि ती इंग्रजीप्रधान व स्पॅनिश अशा दोन आवृत्त्यांत निघाली. मोठ्या कंपनीने असे करणे तेव्हा सर्रास नव्हते. त्यातील 'सोय दे सान लुईस' हे थोरल्या हिमेनेस यांचे गाणे, आणि त्यासाठी संचाला मेक्सिकन-अमेरिकन विभागातला ग्रॅमी मिळाला. मायर्स यांचे 'हे बेबी, के पासो' ऐकाल तेव्हा एकाच ओळीत दोन्ही भाषा ऐकू येतील. सॅन अँटोनियोच्या रस्त्यावर लोक असेच बोलतात. फेंडरच्या १९७५ च्या गाण्यात कडव्याकडव्याने भाषा बदलते आणि इथे शब्दाशब्दाने बदलते, हा फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. त्या पंधरा वर्षांत श्रोता बदलला होता, आणि लपवण्यासारखे काही आहे असे या चौघांना मुळीच वाटत नव्हते.

मला टॉर्नेडोजमधला फेंडर सर्वांत जास्त आवडतो. एकट्याच्या तबकड्यांवर त्याच्यामागे कधीकधी गोड व्हायोलिने आणि सहगायकांचा जाड थर असे, आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील काही गाणी त्याखाली दबून गेली. इथे फक्त चार वादक, मोजके साथीदार आणि हिमेनेस यांचे अकॉर्डियन. फेंडरने एक ओळ म्हणावी आणि अकॉर्डियनने तिला उत्तर द्यावे, हा संवाद ऐकताना त्याच्या गळ्यातला कंप आणि अकॉर्डियनच्या पात्यांचा कंप एकमेकांत मिसळतात. त्याच्या बालपणीचे संगीत शेवटी त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले होते.

साम १९९९ मध्ये गेले, हिमेनेस जुलै २०२५ मध्ये. १९९८ चा 'लॉस सुपर सेव्हन' हा प्रकल्पही जरूर ऐकावा. त्यात फेंडर आणि हिमेनेस यांच्याबरोबर लॉस लोबोस या संचाचे डेव्हिड इदाल्गो आणि सेसार रोसास, जो ईली, रिक ट्रेव्हिनो आणि रुबेन रामोस आहेत. त्यालाही ग्रॅमी मिळाला.

मंद्रसप्तक

ह्यूस्टनकर यांचा निर्मात्याविषयीचा युक्तिवाद मला बऱ्याच अंशी पटला. विशेषतः मुखवटा घालणे आणि उतरवणे यांतला भेद मी केला नव्हता. गीतकार या बिरुदाबद्दल माझे मत अजूनही कायम आहे. फेंडर हे मूलतः भाष्यकार गायक, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याचा अर्थ आपल्या गळ्यातून उलगडणारे, आहेत, आणि तसे म्हटल्याने त्यांचे मोठेपण कमी होत नाही. दुसऱ्याने लिहिलेले, अनेकांनी गाऊन निष्प्रभ ठरलेले गाणे ज्याच्या गळ्यातून प्रथमच जिवंत होते, त्याचे त्या गाण्यावरचे ऋण लिहिणाऱ्याइतकेच असते.

त्यांच्या अखेरच्या तबकडीबद्दल कुणी लिहील का? तिला ग्रॅमी मिळाला एवढेच मला ठाऊक आहे.

ह्यूस्टनकर

ती २००१ ची तबकडी, 'ला मुसिका दे बाल्देमार वेर्ता'. २००२ मध्ये तिला लॅटिन पॉप विभागातला ग्रॅमी मिळाला, हा त्याचा तिसरा. ज्या नावाने बाजारात शिरता आले नव्हते ते जन्मनाव त्याने त्रेचाळीस वर्षांनी तबकडीच्या शीर्षकात ठेवले आणि आत बोलेरो आणि रांचेरा गायले. आवाज पूर्वीइतका उंच चढत नाही, पण शब्दांवरची पकड अधिक घट्ट आहे, आणि जिथे तरुणपणी तो स्वर ताणून धरायचा तिथे आता तो थांबतो. त्याचे आरोग्य तोवर ढासळू लागले होते. २००२ मध्ये मुलीने दिलेले मूत्रपिंड त्याच्यावर रोपण केले गेले, दोन वर्षांनी यकृताचे रोपण झाले, आणि १४ ऑक्टोबर २००६ रोजी कॉर्पस क्रिस्टी येथे फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले. सॅन बेनिटोने त्याच्या हयातीतच त्याचे चित्र गावच्या पाण्याच्या टाकीवर रंगवले होते.

मंद्रसप्तक, भाष्यकार गायक हा शब्द मला मान्य आहे. पण मग एक प्रश्न त्याहून टोकदार होतो. नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे कंट्रीतल्या नामवंतांच्या सन्मान-दालनात, दुसऱ्यांची गाणी गाऊन मोठे झालेले अनेक गायक आहेत, म्हणजे गीतलेखन ही तिथली अट नाही. एकाच गाण्याने कंट्री आणि मुख्य, दोन्ही याद्यांत पहिले येणे हेही तिथे पुरेसे मोठे कर्तृत्व मानले जाते. असे असूनही २०२५ पर्यंतच्या यादीत फेंडरचे नाव नाही, रॉड्रिगेझ यांचेही नाही. त्यांच्या समर्थकांनी मागणी लावून धरली आहे. माझ्या मते अडचण त्याच्या मिश्रणातच आहे. कंट्रीवाले त्याला तेहानो समजतात, तेहानो संगीताचे अभ्यासक त्याला कंट्रीत गेलेला मानतात, आणि रॉकच्या इतिहासात १९५७ च्या स्पॅनिश ध्वनिमुद्रिकांचा उल्लेख क्वचितच असतो. रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात मात्र असे विभाग कधीच नव्हते, तिथल्या नाचाच्या रात्री एकच संच पोल्का, बोलेरो आणि रॉक अँड रोल ओळीने वाजवत असे. हॉल ऑफ फेमने त्याला घ्यावे असे मला मनापासून वाटते, आणि घेताना त्या खोऱ्यातल्या संगीतालाही कंट्रीच्या इतिहासाचा भाग म्हणून नोंदवावे, कारण अकॉर्डियन आणि बाहो सेक्स्तो वाजवणारे ते शेतमजूर टेक्सासच्या ग्रामीण भागातलेच होते आणि त्यांची गाणीही नांगर, कापूस, घर आणि विरह यांचीच होती.